बिघाड, कारणासकट

५ जानेवारी, रविवार

या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू आठवतील तशा लिहून ठेवतो. बेअरिंग ओढायचा तीन पायांचा पुलर, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून. गळका पंप तपासायचा टेस्ट बेंच, त्याचा सांगाडा वॉशिंग मशीनचा. रुतिकाचं अभ्यासाचं टेबल, एकही खिळा न मारता (पॉलिश अमिताने केलं, ते धरत नाही). आईची सुकी मासळी ठेवायची जाळीची पेटी, जिचं दार आपोआप मिटतं आणि जिच्यात मांजर अजून शिरू शकलेलं नाही. आळीच्या गणपतीमागचं फिरतं चक्र, गाडीच्या वायपर मोटरवर, एकदाही न अडकलेलं. आणि पत्र्याच्या चिठ्ठ्या, असंख्य.

चिठ्ठी ही माझी पद्धत. पंप दुरुस्त केला की त्याला तारेने पत्र्याचा तुकडा बांधायचा. त्यावर पंच ठोकून तीन ओळी: काय झालं, का झालं, काय केलं. खाली नाव, नं. मढवी. रबाळ्याच्या कंपनीत साहेबांना मधली ओळ खुपायची. "मढवी, ‘का झालं’ कशाला? कोणाची तरी चूक उघडी पडते." मी ती ओळ चोवीस वर्षांत एकदाही गाळली नाही.

यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर आयटीआय नाही, कोणाच्या हाताखाली उमेदवारी नाही. पंप उघडला, पाहिला, परत लावला, बस.

आता कंपनी गुजरातला गेली आणि मी जुईनगरला घरी आहे. ‘मढवी पंप सर्व्हिस’ असा बोर्ड लावून पाच महिने झाले. सुटी कामं येतात. सोसायट्यांचं वर्षाचं काँट्रॅक्ट मात्र एकही नाही. ती सगळी फॅसिलिटीवाल्यांकडे जातात, म्हणजे झाडूवाला, वॉचमन, लिफ्ट, पंप, सगळं एकाच बिलात. असल्याच एका कंपनीचा मालक माझा मेहुणा आहे. अमिताचा धाकटा भाऊ भावेश. काल घरी येऊन सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणाला, "भावोजी, टेन्शन कशाला घेता? आमच्याकडे सुपरवायझर म्हणून या. टी-शर्ट घालायचा, फिरायचं."

ज्याच्या लग्नात मांडवाची लायटिंग मी केली, त्याचा टी-शर्ट मी घालायचा.

अमिताशी ठरलं ते असं: गुढीपाडव्यापर्यंत स्वतःच्या नावावर वर्षाची कामं मिळाली तर ठीक. नाहीतर टी-शर्ट.

रुतिका ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही ईमेलवर न्यूजलेटर काढा. लोक वाचतील, नाव होईल, कामं आपोआप येतील. मी सेट करून देते."

मी म्हटलं, सेट मी करीन.

९ जानेवारी, गुरुवार

चार दिवसांत शिकलो. रुतिकाने दाखवलेले तयार नमुने बघितले. सगळ्यांत वर हसणाऱ्या बाईचा फोटो. पंपाशी तिचा संबंध काय? सगळे काढून टाकले. मजकूर काळा, कागद पांढरा, चित्र माझ्या हातचं, पेन्सिलीने काढून शाईने गिरवलेलं. नाव ठेवलं: ‘बिघाड, कारणासकट’. दर गुरुवारी निघणार.

पत्ते जमवायला जुईनगर, सानपाडा, नेरूळ पायी फिरलो. प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर खाली सोसायटीचा ईमेल असतो. वॉचमनला विचारून आत जायचं, उतरवून घ्यायचं. एका ठिकाणी मला पाणीपट्टीवाला समजून चहा मिळाला.

आई ओट्यावर बोंबील निवडत होती. म्हणाली, "कागद नाय, पोस्टमन नाय. मंग ह्या पत्र जाताय कुठं?"

मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आनि कोन वाचनार हाय?"

"सेक्रेटरी वाचतील."

"त्यांना कामधंदा नाय?"

१६ जानेवारी, गुरुवार

पहिला अंक गेला. विषय: सेंट्रिफ्यूगल पंपाचं तत्त्व, रचना व वर्गीकरण. दोन आकृत्या. आधी अमिताला वाचून दाखवला. वर्गीकरणापाशी तिची मान खाली गेली. दिवसभर कामाने दमलेली असते.

रात्रीपर्यंत तीन जणांनी उघडला. त्यातला एक मी. दुसरी रुतिका असावी.

२० जानेवारी, सोमवार

तिसरा वाचक सापडला. नेरूळच्या एका सोसायटीच्या राजेश्वरी डोंगरे. बँकेतून निवृत्त. त्यांनी उत्तरात फक्त फोन नंबर लिहिला होता. लावला.

"मढवी का? तुमचं पत्र मिळालं. फार लांब आहे."

"मॅडम, विषयच तसा आहे. आपण सेक्रेटरी ना?"

"होते. दोन वर्षांपूर्वी मला पाडलं."

"पण हा सोसायटीचा ईमेल…"

"सोसायटीचाच आहे. पासवर्ड माझ्याकडे आहे."

"मग नवी कमिटी?"

"नव्या कमिटीने नवा काढावा! मी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची फाइल मागितली होती, ती दिली का त्यांनी? नाही ना? मग पासवर्ड नाही."

फोन ठेवून मी चार-पाच सोसायट्यांत चौकशी केली. सगळीकडे हाच प्रकार. निवडणूक होते, कमिटी बदलते, चाव्या जातात, शिक्का जातो, कपाट जातं. ईमेल तेवढा पडलेल्या सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये राहतो. बोर्डावर पत्ता जुनाच, पुसायला कोणी जात नाही. म्हणजे मी पायपीट करून नवी मुंबईतल्या समस्त पडलेल्या सेक्रेटऱ्यांची यादी तयार केली. पहिल्या अंकाच्या चिठ्ठीवर हेच ठोकायला हवं. काय झालं: पत्र पोचलं नाही. का झालं: मढवीने न तपासता नळी जोडली.

रुतिका पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

परवा जेवताना अमिता म्हणाली, "अहो, ते वर्गीकरण राहू द्या. तो सीवूड्सचा किस्सा मला सांगितलात तेव्हा माझी भाकरी तव्यावर करपली होती. तसं लिहा ना."

मी म्हटलं, बघू.

आज सकाळी मला एक कल्पना सुचली. तत्त्व-बित्त्व नको. एका अंकात एक पंप, एक बिघाड, एक कारण. म्हणजे माझी पत्र्याचीच चिठ्ठी, फक्त सविस्तर. सीवूड्सचा किस्सा लिहिला. वरची टाकी रात्री भरलेली असली तरी सकाळी अर्धी. सेक्रेटरीचा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या आजींवर, की रात्री चोरून कपडे धुतात. आजींच्या दाराशी दोन जण पाळतीवर बसवले. आजींनी त्यांना भजी खायला घातली. निघालं काय, तर पंपाच्या तोंडाशी असलेला एकदिशा व्हॉल्व्ह चिकटला होता. वर चढवलेलं पाणी रात्रभर त्याच वाटेने खाली यायचं आणि पंप तेच पाणी पुन्हा वर न्यायचा. वर्षभर सोसायटीने एकाच पाण्याचं वीजबिल दोन-दोनदा भरलं.

चित्र काढलं, व्हॉल्व्हची झडप बाणासकट. सोसायटीचं नाव लिहिलं नाही. कोणत्याही अंकात लिहिणार नाही, हा नियम. कारण लिहायचं, बोट दाखवायचं नाही.

पाठवला. तोही त्याच यादीवर. दुसरी यादी होती कुठे?

३ फेब्रुवारी, सोमवार

उघडलेल्यांचा आकडा दोनदा तपासला. यादीपेक्षा जास्त आहे. रुतिका म्हणाली, "म्हणजे लोक पुढे पाठवतायत, पप्पा."

राजेश्वरी मॅडमचा फोन: "मढवी, आता कसं सरळ लिहिलंत! आमच्या माजी सेक्रेटऱ्यांचा ग्रुप आहे व्हॉट्सअ‍ॅपवर. सगळ्यांना टाकलंय. सगळे तुमचे वर्गणीदार होणार. असेच बिघाड लिहा. जितके मोठे बिघाड तितकं बरं."

फुकट आहे, वर्गणी नाही, हे सांगितलं. तरी मन भरून आलं. निवृत्त माणसांना या वयात तांत्रिक विषयाची एवढी भूक असेल असं वाटलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

राजेश्वरी मॅडमनी त्यांच्या सोसायटीच्या सभेला मुद्दाम बोलावलं, निमंत्रित म्हणून. जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल. मॅडम उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि माझा अंक, छापून आणलेला, पहिल्या शब्दापासून वाचला. आजींच्या भज्यांना लोक हसले. मग त्या वळल्या.

"आता मी सेक्रेटरी श्री. प्रसाद टेंबे यांना विचारते. आपला एकदिशा व्हॉल्व्ह शेवटचा कधी उघडून पाहिला?"

टेंबे साहेब औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. म्हणाले, "मॅडम, हा विषय अजेंड्यावर नाही."

"पाणी अजेंडा बघून खाली येत नाही, टेंबे!"

टाळ्या. मागून कोणी ओरडलं, "वीजबिल दाखवा!" टेंब्यांनी रुमाल काढला.

सभा संपल्यावर ते माझ्याकडे आले. हळू आवाजात म्हणाले, "तुमचं ते पत्रक मलाही पाठवा. बुधवारी रात्रीच मिळालं तर उत्तम. म्हणजे त्यांच्या आधी."

मी सांगितलं, गुरुवार म्हणजे गुरुवार, सगळ्यांना एकाच मिनिटाला. पण त्यांची जिज्ञासा मला आवडली.

६ मार्च, गुरुवार

आठवा अंक. आता प्रत्येक सोसायटीतून दोन-दोन वर्गणीदार येतात, एक माजी सेक्रेटरी आणि त्याच्या मागोमाग चार दिवसांनी तिथला आजी सेक्रेटरी. वाशी, कोपरखैरणे, घणसोली, पार उलव्यापर्यंत. असा जोडीजोडीने वाढणारा पेपर मी ऐकला नव्हता. लेखनाची पकड म्हणायची, दुसरं काय.

चुका काढणारेही आहेत. एकाने लिहिलं, ‘आकृतीत नट सहाऐवजी पाच बाजूंचा दिसतो.’ मी भिंग लावून पाहिलं. खरंच पाच. सगळ्यांना दुरुस्ती पाठवली. अमिता म्हणाली, "एका नटासाठी?" हो, एका नटासाठी.

२३ मार्च, रविवार

खरं लिहितो. वाचक वाढले, काम नाही. लोक सभेत माझा अंक वाचतात, भांडतात, टाळ्या वाजवतात आणि वर्षाचं काँट्रॅक्ट पुन्हा फॅसिलिटीवाल्याला देतात. टेंबे साहेबांना विचारलं. म्हणाले, "मढवी, तुम्हाला काम दिलं तर डोंगरे मॅडम म्हणतील त्यांनी दिलं. मी कसं देऊ?" मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "मी निवडून आले की पहिलं काम तुम्हाला." निवडणुकीला तीन वर्षं आहेत.

काल गावात हळद होती. डीजे, मटण, सगळी आळी. भावेश चार पोरांच्या घोळक्यातून ओरडला, "अरे, लेखक आले! बसा, लेखकांना आधी वाढा. पत्रं लिहून पोट भरत नाय!"

सगळे हसले. मी मटण अर्धं ठेवून उठलो. पाडव्याला सात दिवस.

२९ मार्च, शनिवार

दुपारी अमिता माहेरी, वहाळला गेली. एवढ्या उन्हात. सोबत चिंबोऱ्यांचा डबा. भावेशला चिंबोऱ्या जीव की प्राण. मी म्हटलं, माझ्यासाठी चार ठेव. एकही ठेवली नाही.

संध्याकाळी भावेशचा फोन. आवाज एकदम मऊ. "भावोजी, नवीन साइट एक जूनला चालू होताय. तुमी तवाच या, घाई नाय."

पाडव्याची मुदत दोन महिन्यांनी पुढे गेली. माणसाचे दिवस फिरायला लागले की समोरचाही सुधारतो. अमिताला सांगितलं. ती म्हणाली, "हो का? बरं झालं," आणि बोटाला चिंबोरीने घेतलेल्या चिमट्यावर हळद लावत बसली.

१४ एप्रिल, सोमवार

भावेशने टी-शर्ट पाठवला. पोपटी. छातीवर कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरांत ‘नंदकुमार’. आडनाव नाही. खांद्याची शिलाई वाकडी, एका बाजूला अर्धं सूत जास्त. दाराच्या मागे खिळ्याला टांगून ठेवला. झोपताना नेमका समोर येतो.

आई बघून म्हणाली, "रंग बरा हाय. अंधारात दिसशील."

या आठवड्यात दोनदा वाटलं की गुरुवारचा अंक काढू नये. एकदा न काढून पाहावं, कोणाला काय फरक पडतो. काढला.

१२ मे, सोमवार

महापालिकेची सूचना आली. मोठ्या जलवाहिनीचं पावसाळ्याआधीचं काम. बुधवारी सकाळपासून गुरुवार रात्रीपर्यंत पाणी बंद.

लोक बादल्या भरतील. पंपाचा विचार कोणी करणार नाही. मला डोळ्यासमोर सगळं दिसतंय. खालची टाकी रिकामी होणार. पंप ऑटोवर असणार. वरची टाकी उतरली की तो आपोआप चालू होणार. खालच्या टाकीतला सेन्सर, जो पंपाला थांबवतो, तो बहुतेक ठिकाणी गाळात मेलेला असतो. पाणी नाही, पंप कोरडा फिरतो, आतलं सील जळतं. आणि शुक्रवारी नळाला पाणी येईल तेव्हा ते वर चढवणारं कोणी नसेल.

गुरुवारची वाट बघता येत नाही. नियम मोडून आज अंक काढायला बसलो. कोरड्या पंपाच्या सीलचं तापमान, कार्बन, सिरॅमिक, सगळं नीट लिहिलं. अमिताने मागून वाचलं.

"अहो, हे सेक्रेटरी वाचेल. बटण कोण दाबतं?"

"वॉचमन."

"मग?"

मी लिहिलेलं पुन्हा वरपासून पाहिलं.

"त्याला कळेल असं एक पान करा. मोठ्या अक्षरात. हिंदीतपण. खाली लिहा, छापून पंपाच्या खोलीत चिकटवा."

पाच वाक्यांत पंप समजावणं म्हणजे पंपाचा अपमान, असं मी म्हणालो. ती कपडे वाळत घालायला गेली. मी अर्धा तास विचार केला आणि मग स्वतःच ठरवलं की एक पान वेगळं करायचं, वॉचमनसाठी. मराठी वर, हिंदी खाली: मंगळवारी रात्री वरची टाकी पूर्ण भरा. भरली की ऑटो बंद. बटणावर चिकटपट्टी लावा. पाणी आल्यावर खालची टाकी अर्धी भरू द्या. मगच पंप चालू. शेजारी बटणाचं चित्र, फुली मारलेलं.

संध्याकाळी सात वाजता पाठवलं. राजेश्वरी मॅडमनी तासाभरात फोन केला. "मी आमच्या वॉचमनला दिलं चिकटवायला. त्याच्याकडे आधीच एक होतं. टेंब्यांनी दिलेलं. आता दोन्ही लावलीत."

१६ मे, शुक्रवार

पहाटेपासून फोन. पहिला टेंबे साहेबांचा: "आमचा चालू झाला! शेजारच्या चारही बिल्डिंग बंद आहेत!" मग घणसोली, मग सानपाडा. चिकटपट्टी लावलेले पंप सगळे ठणठणीत. ज्यांच्याकडे पान गेलं नाही, तिथे जळलेल्या सीलचा वास जिन्यापर्यंत. लोक बादल्या घेऊन आमच्या वाचकांच्या सोसायट्यांत रांगेला उभे.

कोपरखैरण्याच्या एका वॉचमनने स्वतः फोन केला, सेक्रेटरीच्या मोबाइलवरून. "साब, आपका कागज हमने फ्रेम करवाया है."

मी त्याला विचारलं, कागज वाचताना कुठे अडलं का. म्हणाला, "नहीं साब. बटन का फोटो देखा, समझ गया." म्हणजे चित्र बरोबर होतं. सहा बाजूंच्या नटासारखं.

दुपारी भावेश. आवाज उडालेला. "भावोजी, आपल्या साइटवर नऊ पंप गेले. लोक ऑफिसात येऊन बसलेत. मेकॅनिक कोन मिळत नाय. तुमी येता का?"

गेलो. माझी हत्यारं, माझा पुलर, अंगात माझा शर्ट. आज चार उभे केले, बाकीचे उद्या-परवा. चारही पंपांना चिठ्ठ्या बांधल्या. काय झालं: सील जळलं. का झालं: टाकी रिकामी, पंप ऑटोवर ठेवला. काय केलं: नवं सील, नवा सेन्सर.

भावेशने माझा हात धरला. "मधली ओळ नका ना ठोकू, भावोजी. कमिटी वाचंल."

"वाचू दे."

"आपल्या घरातली गोष्ट हाय."

"पंपाच्या खोलीत सासर-माहेर नसतं," मी म्हटलं आणि तार पिळली.

२५ मे, रविवार

नेरूळच्या सोसायटीची विशेष सभा. विषय एकच, पंपांचं वार्षिक काम. टेंबे साहेबांनी ठराव मांडला: मढवी पंप सर्व्हिस. अनुमोदन द्यायला राजेश्वरी मॅडम उभ्या राहिल्या. दोन वर्षांत त्या दोघांचं एका वाक्यावर जमलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "अनुमोदन आहे. पण चिठ्ठी वाचायला मला पंपाच्या खोलीची चावी पाहिजे."

टेंबे म्हणाले, "आणि मला पासवर्ड."

देवाणघेवाण तिथेच झाली, पेढ्यांसकट. पासवर्ड निघाला टेंब्यांचाच फ्लॅट नंबर, पुढे ‘पडला’. हे त्यांनी मोठ्याने वाचलं आणि स्वतःच हसले.

या आठवड्यातलं हे पाचवं काँट्रॅक्ट. सानपाडा दोन, घणसोली एक, कोपरखैरणे एक, आणि हे. पुढच्या महिन्यासाठी अजून बोलावणी आहेत. हाताखाली माणूस लागेल. शोधायला जाहिरात कशाला, पुढच्या अंकात खाली दोन ओळी टाकतो.

रात्री आईला पेढा दिला. तिने विचारलं, "त्या पत्राचा हाय?"

"हो."

"मंग पोस्टमनला पन दे एक." आणि स्वतःच खो खो हसली.

१ जून, रविवार

टी-शर्ट घालायचा होता तो दिवस.

भावेश सकाळी दहाला आला. पाय खाली ठेवून बसला. चहा अर्धा पिऊन म्हणाला, "भावोजी, सुपरवायझर-बिपरवायझर सोडा. मी दुसराच कायतरी घेऊन आलोय. तुमचा न्यूजलेटर आपल्या कंपनीच्या नावाने काढू. लिवायचं तुमीच. सगळे वाचक आपले होतील, काँट्रॅक्ट कंपनीच्या नावावर. आमचा लोगो वर."

"आणि खाली?"

"खाली काय?"

"माझं नाव."

"आमची टीम असं लिवू. आनि," तो जरा थांबला, "गुरुवारी तुमी कोरड्या पंपांवर लिवनार हाय, असं कळलंय. त्यातला ‘का झालं’ जरा..."

पुढच्या गुरुवारचा अंक लिहून तयार होता. नऊ पंपांची गोष्ट, कोणत्याही सोसायटीचं आणि कोणत्याही कंपनीचं नाव न घेता. मधली ओळ मात्र आहे. मी तो त्याला वाचायला दिला. त्याने पूर्ण वाचला. शेवटी त्याच्याकडून निघून गेलं, "भारी लिवलाय, भावोजी." मग त्याच्या लक्षात आलं की तो कशासाठी आला होता. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून रक्कम दाखवली. अमिताने वाकून पाहिली. आई पण आली, तिला आकडे लांबून दिसत नाहीत, तिने रुतिकाला विचारलं. रुतिकाने कानात सांगितलं. आईचं पान चघळणं थांबलं.

माझं बोलून झालं. भावेशने उरलेला चहा संपवला. जाताना दारात म्हणाला, "आमच्या साइटचे पंप तरी बघाल ना? वर्षाचं काम, तुमच्या बिलावर, तुमच्या नावाने. चिठ्ठ्या बांधा काय बांधायच्या त्या."

ते घेतलं.

तो गेल्यावर अमिता म्हणाली, "बरं झालं. आता चिंबोऱ्या घरातच खाऊ." काय म्हणायचं होतं तिला, विचारलं, तर हसत आत गेली. टी-शर्ट तिने खिळ्यावरून काढला, चार फडकी कापली, ग्रीस पुसायला. कापड चांगलं शोषतं.

खिळा मोकळा राहू नये म्हणून पत्र्याचा एक तुकडा कापला, कडा घासल्या, पंच घेऊन बसलो. अक्षरं सरळ यावीत म्हणून खाली पट्टी धरली. आता तो दारामागे टांगला आहे. त्यावर ठोकलेलं इथे जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

काय आलं: ‘बिघाड, कारणासकट’ भावेशच्या कंपनीला द्यायचं, लिहायचं मी, नाव त्यांचं.

का नाकारलं: मधली ओळ गाळायला सांगितली.

काय नाकारलं: दरमहा एक लाख दहा हजार रुपये.

नं. मढवी